ग्लासात काय काय आहे



उन्हाळ्यातल्या पन्ह्याच्या लेखाखाली बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला होता : बर्फ आणि आइस्क्रीम न घालता फळांचा मिल्कशेक बाहेरच्यासारखा दाट कसा करायचा? आमच्या घरी गेलं वर्षभर तो जवळजवळ रोज होतो, त्यामुळे कृती माझ्या हातात बसली आहे. ती सांगतेच. पण या पेयाच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती लपवून नुसती कृती लिहावी असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा लेख अर्धाच राहिला. म्हणून आधी ती सांगते.

आमच्याकडे कोल्हापूर भागात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, तसं मीही म्हणते. आत्यांचं वय ७८. सूर्यास्तानंतर त्यांनी पाण्याचा थेंब घेतलेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेला नाही. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, त्यांचं ताट धुऊन पालथं पडलेलं असतं. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा पाचच्या आत सगळं आटपतं. कंदमुळं नाहीत, मध नाही, बर्फ नाही. पाणी स्वतः गाळून घेतात आणि गाळण्यातली जिवाणी जिथलं पाणी तिथे सोडून येतात.

गेल्या वर्षी ज्येष्ठात त्यांचे उरलेले दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येणार नव्हती. भाकरी दुधात कुस्करली तरी गिळताना त्रास व्हायचा. दोन वेळचं जेवण दोन-दोन घासांवर आलं. आषाढात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघालं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आणि म्हणाले, पोटात अन्न जाऊ दे, पातळ करून द्या, पण द्या.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी साडेचारला मिक्सर फिरू लागला. चिकू, खजूर, बदाम, दूध. पहिल्याच दिवशी आत्यांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाल्या, "हे बरं लागतंय गं. उद्या पण कर." पुढे त्या स्वतःहून काही मागत होत्या. मी देवघरात जाऊन हात जोडून आले.

महिन्याभराने परत तपासलं तर हिमोग्लोबिन तिथल्या तिथेच. ८.७. मला काही सुचेना. माझी एक मावसबहीण म्हणाली, "अंजीर घाल. रक्त वाढायला अंजिरासारखं काही नाही."

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. वड, पिंपळ, पाकर, उंबर आणि अंजीर ही पाच उदुंबर फळं, आणि मद्य, मांस, मधु. या आठांचा त्याग म्हणजे श्रावकाचे अष्ट मूलगुण. लहानपणी पाठशाळेत पहिल्या काही धड्यांतच हे येतं. मी स्वतः याबाबतीत ढिली होते, हेही कबूल करते. लग्नकार्यात अंजीर बर्फी समोर आली तर खाल्ली आहे. पण आत्यांचा हा त्याग लहानपणापासूनचा.

माझा मुलगा शेतकी कॉलेजात शिकतो. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, अंजिराच्या बऱ्याच जाती अशा आहेत की त्यांना फळ धरायला आत किडा जावा लागत नाही, परागीभवनाशिवायच फळ तयार होतं. माझं समाधान झालं. खरं तर त्याचं वाक्य तिथे संपलं नव्हतं. स्मर्ना प्रकारच्या अंजिरांना मात्र एक बारीक गांधीलमाशी आत शिरावीच लागते, आणि त्या प्रकारची अंजिरं बहुतेक सुकवून विकली जातात, असं त्याने पुढे सांगितलं होतं. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला हवं तेवढं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन सुकी अंजिरं भिजवून मी शेकमध्ये वाटायला लागले. सकाळी भिजवायची वाटी वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. चिकूचा रंग तपकिरी, खजुराचा तपकिरी, त्यात अंजीर कुठे दिसणार? ताटात वाढलेला प्रत्येक जिन्नस डोळ्यांना दिसतो. मिक्सरमधून निघालेल्या ग्लासात काय आहे ते फक्त करणारीला माहीत असतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्यांनी ग्लास खाली ठेवून विचारलं, "ह्यात बारीक कचकच काय लागतंय गं? हिरड्यांत अडकतंय."

अंजिराच्या बिया कितीही वाटा, पूर्ण जात नाहीत. मी म्हणाले, "चिकू रवाळ आहे आत्या." त्यांनी मान डोलावली आणि उरलेलं पिऊन टाकलं.

तोपर्यंत मी फक्त लपवत होते. त्या दिवशी खोटं बोलले. आणि असे ३२ दिवस गेले. नंतर मी कॅलेंडरवर मोजले.

आमच्या बस्तीत त्या वर्षी माताजींचा चातुर्मास होता. दशलक्षण पर्वात रोज प्रवचन. तिसरा दिवस उत्तम आर्जव धर्माचा. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक, तोंडात एक, करणीत तिसरंच असं न वागणं. माताजी माया कषायाबद्दल बोलत होत्या. दुकानातलं माप, वाटणीतली लपवाछपवी, अशी उदाहरणं देत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वरच्या फळीवरची वाटी होती. शेजारी आत्या बसल्या होत्या, त्यांचं त्या दिवशी एकासन होतं. त्या अगदी मन लावून ऐकत होत्या.

घरी आल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. सगळं. फळीवरची वाटी, दोन अंजिरं, चिकूचा रवाळपणा.

मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा रडतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तर तुला विचारलं होतं की गं, कचकच लागतंय म्हणून." एवढंच. जपमाळ घेतली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

त्या रात्री हे मला समजावत म्हणाले, तू त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना. मला त्या शब्दांनी बरं वाटलं नाही. भल्यासाठीच केलं होतं हे खरं होतं. पण त्यांचं भलं कशात हे मी त्यांना न विचारता ठरवलं होतं. त्यांना चालता येत होतं, कळत होतं, बोलता येत होतं. "आत्या, डॉक्टरांचं असं म्हणणं आहे, काय करूया?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी माताजींकडे गेलो. आत्यांनी स्वतःसाठी प्रायश्चित्त मागितलं. मला ते बघवेना, मी म्हणाले चूक माझी आहे. तेव्हा आत्याच म्हणाल्या, "कृत, कारित, अनुमोदना. मी जाणून केलं नाही, करवलं नाही. पण माझ्या तोंडून गेलं तर जाप मला करू दे. तुझं तू बघ." माताजींनी त्यांना णमोकार मंत्राच्या माळा सांगितल्या. मला त्यांनी विचारलं, "कुणासाठी केलं?" मी म्हणाले, यांच्यासाठी. "यांना विचारलं होतं?" मी मान खाली घातली. मी त्यांच्यासमोर नियम घेतला : पाच उदुंबर फळांचा माझाही त्याग, आणि कुणाच्याही पानात त्याला न सांगता काही न घालण्याचा.

दुसऱ्या दिवसापासून आत्या म्हणाल्या, "नुसतं दूध दे." अकरा दिवस त्यांनी नुसतं दूध घेतलं. साडेचारला मिक्सरचा आवाज होत नव्हता आणि घर मोठं वाटत होतं.

आता यातला दुसरा भाग ऐका. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर देता? मी म्हणाले, साडेचारच्या शेकबरोबर, म्हणजे पोटात अन्न असतं. ते म्हणाले, दुधाबरोबर दिलीत तर दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलंच जात नाही. चहाबरोबरही नको. दोन तासांचं अंतर ठेवा आणि लिंबूपाण्याबरोबर द्या. मग मी अंजिराचं विचारलं. १०० ग्रॅम सुक्या अंजिरात साधारण २ मिलिग्रॅम लोह. दोन अंजिरांत कितीसं येणार? आणि तेही मी दुधातच वाटत होते!

म्हणजे ज्यासाठी आत्यांचा नियम मोडला त्याचा उपयोग शून्य होता. अडचण अंजीर नसण्यात नव्हतीच, गोळीच्या वेळेत होती. आता गोळी दुपारी दोनला लिंबूपाण्याबरोबर, शेक साडेचारला. आमटीवर लिंबू पिळून. हिवाळ्यात हिमोग्लोबिन १०.४ झालं. आणि गोळी आणतानाही बघा, कॅप्सूलचं वरचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं. डॉक्टरांना सांगितलं तर साध्या गोळ्या लिहून देतात.

बाराव्या दिवशी आत्या म्हणाल्या, "उद्या चिकू घाल. पण माझ्यासमोर कर." तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. खजूर त्याच फोडतात. कृती आता त्यांची आणि माझी मिळून आहे, ती अशी :

एका मोठ्या ग्लासासाठी २०० मिली म्हशीचं दूध, दोन पिकलेले चिकू, तीन खजूर, पाच बदाम, दोन काजू आणि वेलदोड्याची चिमूट. साखर लागत नाही. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी चिकू-खजुराचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दूध : कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर लोक धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात, पण आपल्याकडे दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत गाळून तापवायचं. आमचा गवळी जवळचाच आहे म्हणून हे जमतं. दूध उकळल्यावर मंद आचेवर आणखी दहा-बारा मिनिटं आटवा. दाटपणा इथूनच येतो, आइस्क्रीमची गरज पडत नाही. मग पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं गुंडाळा आणि पाणी एकदा बदला. तासा-दीड तासात पिण्याजोगं गार होतं. बर्फाची आठवणही येत नाही.

बदाम-काजू : सकाळी गाळलेल्या पाण्यात भिजवा, बदाम सोला.

खजूर : प्रत्येक खजूर उभा फोडून उजेडात बघायचा. आत जाळी, भुकटी किंवा अळी असते, बाहेरून कळत नाही. बिनबियांचे खजूर सोयीचे वाटतात, पण आत्या बियांचेच घ्यायला लावतात, म्हणजे फोडणं होतंच. मग थोड्या कोमट दुधात वीस मिनिटं.

चिकू : बोटाने दाबल्यावर सहज दबेल असाच घ्या. कच्च्या चिकूचा चीक घशाला लागतो आणि शेक तुरट होतो. सोलून, चार फोडी करून, प्रत्येक फोड बघून, बिया मोजून काढा. बीला टोकाशी आकडा असतो, तो चुकून वाटला गेला तर घशाला टोचतो.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बदाम, काजू आणि खजूर पाव भाग दुधात अगदी गंधासारखं वाटा. मग चिकू. शेवटी उरलेलं दूध घालून फक्त दहा-पंधरा सेकंद फिरवा. गार, साईच्या दुधात मिक्सर जास्त वेळ फिरला तर लोणी सुटतं आणि वर तुपकट कण तरंगतात. माझं पहिल्या आठवड्यात असंच व्हायचं.

चिकू मिळत नसेल तेव्हा केळं. शिकरण आपल्या घरोघरी आहेच. उन्हाळ्यात आंबा, पण गोडच, आंबट आंब्याने दूध नासतं. आमच्या शेजारच्या गुजराती भाभी आर्द्रा नक्षत्र लागलं की आंबा सोडतात, त्यांच्यासाठी मी पावसाळ्यात केळ्याचा करते. अननस, कच्च्या-पिकल्या पपईचा आणि किवीचा दुधाशी मेळ बसत नाही. त्यांच्यात दुधातली प्रथिनं तोडणारे घटक असतात, म्हणून दूध फाटतं नाहीतर कडवट होतं. स्ट्रॉबेरी आत्या घेत नाहीत, नीट शोधता येत नाही म्हणून. सीताफळाबद्दल घराघरांत वेगवेगळी रीत आहे, तुमच्या घरची पाळा.

केल्याबरोबर प्यायचं. उरवून ठेवायचं नाही. चव बदलली की ते चलित रस झालं, आणि फळ-दूध एकत्र केलेलं तासाभरातच बदलायला लागतं. म्हणून एकाच ग्लासाचं माप दिलं आहे.

आणि बाहेर पिताना एक लक्षात ठेवा. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्याला पुरेसा नाही. मध असला तरी हिरवा ठिपकाच असतो, अंजीर असलं तरी हिरवाच. दुकानात विचारायला लाजू नका. सांगणारा खरं सांगेल की नाही हे आपल्या हातात नाही. पण आपल्या घरात आपणच सांगणाऱ्या असतो.

पहिले काही महिने आत्या रोज ग्लास हातात घेऊन विचारायच्या, "काय काय घातलंस?" समोर बसून बघितलेलं असायचं, तरी विचारायच्या. पूर्वी कधीच विचारत नव्हत्या. सुरुवातीला मला ते फार लागायचं. मग मी रोज सगळं म्हणून दाखवायला लागले, पाढ्यासारखं.

माघात एक दिवस घरी पाहुणे होते. आत्या पुढच्या खोलीत त्यांच्याशी बोलत बसल्या होत्या, त्यामुळे शेक मी एकटीनेच केला. ग्लास नेऊन दिला. त्यांनी बोलता बोलता घेतला, तोंडाला लावला आणि अर्धा संपवला. विचारलं नाही.

मी तिथेच उभी राहिले. मग वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "आत्या, दूध, दोन चिकू, तीन खजूर, पाच बदाम, दोन काजू, वेलदोडा."

त्या म्हणाल्या, "खजूर फोडून बघितलेस ना?"

"बघितले."

"मग बस की गं. उभी का?"

आता कवळी बसली आहे, भाकरी चावता येते. तरी साडेचारचा ग्लास चालूच आहे. तुमच्या घरी कोणतं फळ चालतं, कोणतं नाही, आणि बर्फाशिवाय गार करायची तुमची काय युक्ती आहे, ते मला नक्की कळवा. आत्यांना वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र.